वारा सर्वांचा, पवनचक्की कोणाची?

(अपारंपरिक ऊर्जा आणि उद्योगसमूहांचे हितसंबंध या विषयावर एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पृथ्वीचे तापमान वाढत आहे, हे सांगण्यासाठी आता शास्त्रज्ञांची आवश्यकता राहिलेली नाही. अवकाळी पाऊस, गारपीट आणि मार्च महिन्यातच भाजून काढणारे ऊन यांनी ते आपल्या शेतकऱ्याला केव्हाच शिकवले आहे. कोळसा आणि खनिज तेल जाळणे कमी करून सूर्य, वारा, पाणी यांपासून वीज निर्माण करावी, हा या संकटावरील एक प्रमुख उपाय मानला जातो. २०२१ मध्ये ग्लासगो येथील जागतिक परिषदेत भारताने २०३० पर्यंत पाचशे गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता उभारण्याचे आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे उद्दिष्ट जगासमोर ठेवले. उपायाच्या दिशेविषयी आज फारसा वाद नाही. वाद आहे तो हा उपाय कोणाच्या हाती द्यावा याविषयी.

या वादात दोन टोकाच्या भूमिका ऐकू येतात. पहिली भूमिका सांगते की, मोठ्या उद्योगसमूहांना मोकळे रान द्यावे. भांडवल, तंत्रज्ञान आणि स्पर्धा यांच्या बळावर प्रश्न आपोआप सुटेल. दुसरी भूमिका सांगते की, जेथे कंपनी आली तेथे लबाडी आली, म्हणून हा सारा हरित उद्योगच थोतांड आहे. मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. कंपनी नफ्यासाठीच चालते, याबद्दल तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. तिला नफा कशातून मिळावा हे ठरवणारे कायदे मात्र समाज करतो. प्रदूषण न करणारी वीज प्रत्यक्ष तयार केल्याबद्दल नफा मिळू लागला, तर उद्योगपतीचा स्वार्थही समाजाच्या उपयोगी पडेल. नफा करसवलतीतून, जमिनीतून किंवा नुसत्या नावलौकिकातून मिळू लागला, तर वारा वाहत राहील, सूर्य तळपत राहील आणि धुराडीही तशीच धूर ओकत राहतील. हे विधान मी आपल्याच मातीतील उदाहरणांच्या आधारे तपासून पाहणार आहे.

मुळशीचा धडा

अपारंपरिक ऊर्जा हा शब्द नवा असला, तरी महाराष्ट्राला तिचा अनुभव शतकाहून जुना आहे. गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कोसळणारे पाणी अडवून, ते कोकणात उतरवून वीज निर्माण करावी, ही टाटा समूहाची कल्पना होती. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले, १९२२ मध्ये भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये भिरा येथील. आजच्या निकषांवर पाहिले, तर ही उत्तम दर्जाची स्वच्छ ऊर्जा होती. तीत स्वदेशी भांडवल होते, दूरदृष्टी होती आणि मुंबईच्या आकाशातील धूर कमी करण्याचे सामर्थ्यही होते.

परंतु भिरा केंद्रासाठी मुळशी येथे नीला व मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरले, तेव्हा पन्नासाहून अधिक गावांतील मावळ्यांची जमीन पाण्याखाली जाणार होती. आंबेमोहोर तांदूळ पिकवणारी ती खाचरे होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन एका खासगी कंपनीसाठी सरकारने ती ताब्यात घेतली. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचे नेतृत्व केले. तीन वर्षे हा लढा चालला. सेनापतींना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि धरण पूर्ण झाले.

या लढ्यातील एक बारकावा फारसा सांगितला जात नाही. मुळशी पेट्यातील बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. त्यांना जमिनीपेक्षा नुकसानभरपाईची रक्कम महत्त्वाची होती. जो मावळा प्रत्यक्ष नांगर धरत होता, त्याचे नाव कागदावर नव्हते, म्हणून भरपाईच्या हिशेबातही त्याला स्थान नव्हते. वीज स्वच्छ होती, भांडवल स्वदेशी होते, हेतू लोकोपयोगी होता. तरीही लाभ कोठे जावा आणि भार कोणी वाहावा याचा निर्णय कायद्याने आणि कागदाने केला. आजच्या सौर उद्यानांकडे आणि पवनचक्क्यांकडे पाहताना हे चित्र मनासमोर असू द्यावे. ऊर्जेचे साधन बदलल्याने न्यायाचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

वारा आणि आयकर

भारतातील पवनऊर्जेचा आरंभ १९८६ मध्ये ओखा, तुतिकोरीन आणि आपल्या रत्नागिरी येथील छोट्या प्रायोगिक यंत्रांनी झाला. पुढे १९९० च्या दशकात केंद्र सरकारने खासगी भांडवल आकर्षित करण्यासाठी एक मार्ग निवडला. त्याचे नाव वेगवर्धित घसारा.

हा शब्द हिशेबनिसांचा आहे, म्हणून थोडे सोपे करून सांगतो. कोणतेही यंत्र दरवर्षी थोडे थोडे झिजते. ती झीज उत्पन्नातून वजा करून उरलेल्या रकमेवर कर भरावा, असा नियम आहे. पवनचक्कीच्या बाबतीत ही वजावट आरंभी पहिल्याच वर्षी पूर्ण शंभर टक्के घेण्याची मुभा होती. पुढे ती ऐंशी टक्के झाली. समजा, भरपूर नफा कमावणाऱ्या एका कारखानदाराने पाच कोटींची पवनचक्की घेतली. पहिल्याच वर्षी तो चार कोटी रुपये आपल्या अन्य धंद्याच्या नफ्यातून वजा करणार. कराचा दर ढोबळमानाने एक-तृतीयांश धरला, तर सव्वा कोटीहून अधिक कर त्या वर्षापुरता टळला. नंतरच्या वर्षांत ही सवलत उरत नसल्याने हा कर पुढे ढकलला जातो असे म्हणणे अधिक अचूक. पण व्यवहारी माणसाला आज वाचलेल्या रुपयाचे मोल अधिक वाटते, यात नवल नाही.

यातला मर्म पाहा. ही सवलत चक्की बसवल्याबद्दल मिळत होती. ती किती फिरली, तिने किती युनिट वीज दिली, याच्याशी सवलतीचा काही संबंध नव्हता. आणखी एक नियम असा की, यंत्र आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असेल, तर निम्मीच वजावट मिळते. परिणामी चक्क्या उभ्या करण्याची घाई सप्टेंबरच्या आणि मार्चच्या अखेरीस होऊ लागली. साताऱ्याच्या पठारावर खरा वारा नैऋत्य मोसमी पावसासोबत, जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाहतो. निसर्गाचे पंचांग एक सांगत होते आणि आयकर खात्याचे दुसरेच. गुंतवणूकदार कोणते पंचांग पाहून मुहूर्त काढत होते, हे वेगळे सांगायला नको.

पाटण तालुक्यातील वनकुसवडे आणि सातारा तालुक्यातील चाळकेवाडी येथील पठारे पवनचक्क्यांनी भरून गेली ती या धोरणाच्या काळात. त्या उभारणाऱ्यांत मोटारी, रसायने, कापड आणि औषधे बनवणारे अनेक उद्योग होते; वीजनिर्मिती हा त्यांचा व्यवसायच नव्हता. देशातील पवनचक्क्यांची सरासरी उत्पादनक्षमता दीर्घकाळ वीस टक्क्यांच्या खालीच घुटमळली. अर्थात, त्याला आपला मध्यम वारा आणि त्या काळातील छोटी यंत्रेही कारणीभूत होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

धोरणकर्त्यांच्या हे लक्षात आले नाही असे नाही. डिसेंबर २००९ मध्ये सरकारने दुसरी योजना आणली: प्रत्यक्ष निर्माण केलेल्या प्रत्येक युनिटमागे पन्नास पैसे अनुदान. पुढे एप्रिल २०१२ पासून घसाऱ्याची ती विशेष सवलतही थांबली आणि हे अनुदानही थांबले. त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०११-१२ या वर्षात देशात सुमारे ३,२०० मेगावॅट पवनक्षमता उभी राहिली होती. २०१२-१३ मध्ये ती सुमारे १,७०० वर आली. वाऱ्याचा वेग तोच होता, हवामानाचे संकटही तेच होते. निम्मे उत्साही गुंतवणूकदार तेवढे दिसेनासे झाले. २०१४ मध्ये सवलत परत आली आणि २०१७ पासून ती चाळीस टक्क्यांवर मर्यादित झाली.

याला मी भ्रष्टाचार म्हणणार नाही. सारे काही कायद्याच्या चौकटीत घडत होते, आणि म्हणूनच हे उदाहरण अधिक बोलके आहे. मेगावॅट ही क्षमता आहे, युनिट हे काम आहे. क्षमतेला बक्षीस दिले की क्षमता मिळते. कामाला दिले की काम मिळते. हवामानाला आपल्या क्षमतेशी देणेघेणे नाही. न जळलेला कोळसा तेवढा त्याच्या खाती जमा होतो.

भीमाशंकरच्या डोंगरावर

दुसरा प्रश्न जमिनीचा. पवन आणि सौर विद्युत प्रकल्प २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या कक्षेत येत नाहीत. प्रकल्प स्वच्छ ऊर्जेचा, म्हणून त्याचा परिणाम तपासण्याची गरज नाही, असा त्यामागील विचार. तो कागदावर पटतो. डोंगरावर मात्र चक्की आकाशातून उतरत नाही. तिची पाती आणि मनोरे वाहून नेणाऱ्या अजस्र वाहनांसाठी रुंद रस्ते लागतात, आणि ते रस्ते डोंगर कापूनच होतात.

पुणे जिल्ह्यात, भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरात आंध्रा जलाशयाजवळ असा एक पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला. योगायोग पाहा, हा जलाशयही भिवपुरीच्या वीजकेंद्रासाठी निर्माण केलेला. भीमाशंकर हे शेकरूचे, म्हणजे आपल्या राज्यप्राण्याचे घर. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये सादर केलेल्या अहवालात या प्रकल्पाची दखल घेतली आहे. हजारो वृक्षांची तोड, उभ्या चढांचे निकृष्ट रस्ते, त्यातून झालेली धूप आणि दरडी, शेतांत व जलाशयांत जाऊन पडलेला राडारोडा, यांची नोंद त्या अहवालात आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरांवर वावरणाऱ्या लोकांना तेथे जाण्यास अटकाव करणारे फलक आणि तपासणी नाके उभारले गेले, वनहक्क कायद्याखालील त्यांचे हक्क मान्य झाले नाहीत, असेही समितीने नमूद केले.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातही वनजमिनीवरील पवनचक्क्यांच्या प्रश्नावर आदिवासी शेतकऱ्यांनी संघर्ष केला. आणि राजस्थानात जैसलमेरच्या परिसरात हाच प्रश्न आज देवाच्या दारी पोहोचला आहे. आपल्याकडे जशा देवराया, तशी तेथे ओरणे. ग्रामदेवतेच्या नावाने राखलेली ही कुरणे. तेथील झाड तोडायचे नाही, गुरे मात्र चरू द्यायची, असा शतकांचा दंडक. यांतील कित्येक ओरणे महसुली दप्तरात पडीक म्हणून नोंदलेली आहेत. सरकारी कागदावर पडीक असलेली जमीन सौर प्रकल्पाला देणे सोपे असते. मुळशीच्या मावळ्याचे नाव कागदावर नव्हते. येथे देवीचे नाव कागदावर नाही.

त्याच वाळवंटात माळढोक पक्ष्याची अखेरची मोठी वस्ती आहे. सोलापूरजवळच्या नान्नजमधून माळढोक जवळजवळ नाहीसा झालेला आपण पाहिला आहे. विजेच्या उच्चदाबाच्या तारांवर आदळून हे जड पक्षी मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्या अधिवासातील तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. विस्तीर्ण क्षेत्रावर तसे करणे अव्यवहार्य असल्याचे सरकारने सांगितल्यावर मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमली. त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्कही न्यायालयाने मान्य केला. एका पारड्यात पृथ्वीचे हवामान, दुसऱ्यात एका पक्ष्याचे अस्तित्व. असा पेच पडला की कोणालाच सुखाने निर्णय देता येत नाही. जागा निवडण्यापूर्वी अभ्यास झाला असता, तर हा पेच पुष्कळ सौम्य झाला असता.

भांडवलाचे श्रेय

एवढे ऐकून कोणी म्हणेल, की मग मोठ्या कंपन्या नकोतच. थांबा. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

सुरतेत कापडाचा छोटा उद्योग चालवणारे तुलसी तांती विजेच्या खर्चाने हैराण झाले होते. त्यांनी स्वतःसाठी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि त्या अनुभवातून १९९५ मध्ये सुझलॉन कंपनी सुरू केली. पुण्यात मुख्यालय असलेली ही कंपनी पुढे जगातील अग्रगण्य पवनयंत्र उत्पादकांत गणली गेली. घसाऱ्याच्या ज्या सवलतीवर मी आता टीका केली, तिनेच आरंभीची बाजारपेठ घडवली, हेही विसरता येणार नाही. मार्च २०२५ पर्यंत देशाची पवनक्षमता पन्नास हजार मेगावॅटच्या घरात पोहोचली.

सौर विजेची कथा तर अधिकच विस्मयकारक आहे. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला सौर उद्यानाच्या लिलावात प्रति युनिट २ रुपये ४४ पैसे इतका दर निघाला. नव्या कोळसा केंद्राच्या विजेपेक्षा सौर वीज स्वस्त पडू शकते, हे त्याने सिद्ध केले. खुली स्पर्धा, मोठे उत्पादन आणि स्वस्त भांडवल यांशिवाय हे घडले नसते. सहकारी सोसायट्या आणि आदर्शवादी मंडळी यांच्या बळावर एवढ्या मोठ्या देशाची गरज एवढ्या थोड्या काळात भागली असती, असे म्हणणे स्वप्नरंजन ठरेल. आपल्या देशात माणशी विजेचा वार्षिक वापर अद्याप सुमारे १,४०० युनिटच आहे. आपल्याला अधिक वीज हवीच आहे, आणि ती मागण्याचा आपला हक्क आहे. वातावरणात कर्बवायू साठवण्याचे काम प्रामुख्याने ज्यांनी केले, त्यांनी आपल्याला काटकसरीचे पाठ देऊ नयेत.

धुराडे बंद झाले का?

मात्र येथेच तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. नवी वीज जुन्या विजेची जागा घेते, की तिच्या शेजारी येऊन बसते?

तेल कंपन्यांचे उदाहरण घेऊ. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने २००० मध्ये नवे सूर्यफुलासारखे बोधचिन्ह घेतले आणि आपण ‘पेट्रोलियमच्या पलीकडे’ जात असल्याची जाहिरात जगभर केली. भारतात तिची टाटांसोबत सौर उपकरणांची भागीदारी १९८९ पासून होती. २०११ मध्ये कंपनीने सौर व्यवसायातून अंग काढून घेतले. २०२० मध्ये पुन्हा नवी घोषणा झाली: २०३० पर्यंत तेल आणि वायूचे उत्पादन चाळीस टक्क्यांनी घटवू. २०२३ मध्ये ते उद्दिष्ट पंचवीस टक्क्यांवर आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने अपारंपरिक ऊर्जेतील गुंतवणूक कमी करून तेल-वायूवरील खर्च वर्षाला सुमारे दहा अब्ज डॉलरपर्यंत वाढवण्याचे जाहीर केले. तेलाचा नफा अधिक, भागधारकांचा आग्रह तसा. कंपनीच्या दृष्टीने हा निर्णय सुसंगतच आहे. ज्याची तिजोरी तेलावर भरते, त्याच्याकडून तेलाच्या अंताची सुरुवात होईल अशी अपेक्षा धरणारे आपणच भाबडे.

आपल्या घराकडेही पाहू. २०२५ च्या मध्यास भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म साधनांचा वाटा पन्नास टक्क्यांवर गेला. २०३० साठी ठरवलेला हा टप्पा पाच वर्षे आधीच गाठला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही निम्म्याहून कितीतरी अधिक आहे. सूर्य रात्री नसतो, वारा लहरी असतो, साठवणुकीची साधने अपुरी आहेत आणि पारेषण वाहिन्या उभारायला सौर पट्ट्यांपेक्षा अधिक वेळ लागतो. पुन्हा तेच: मेगावॅट आणि युनिट. मोठमोठ्या घोषणा मेगावॅटमध्ये होतात. साठवण, वाहिन्या, देखभाल या कामांत प्रसिद्धी नाही. तरीही तेथेच गुंतवणूक झाली पाहिजे. ज्या उद्योगसमूहाच्या एका हातात सौर उद्यान आणि दुसऱ्या हातात कोळशाची खाण असते, त्याला दोन्हींतून नफा हवा असतो. कोणता हात आखडता घ्यायचा, हे त्याच्यावर सोपवून चालणार नाही.

सहकाराची आठवण

अन्य वाटा आहेत का? आहेत, आणि त्यांतील एक तर महाराष्ट्राच्या परिचयाची आहे.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. तिच्या बंदरासमोर समुद्रात मिडलग्रुंडेन येथे वीस पवनचक्क्या आहेत. २००१ पासून त्या वीज देत आहेत. त्यांतील दहा चक्क्या एका सहकारी संस्थेच्या, आणि तिचे सभासद साडेआठ हजारांहून अधिक. शहराच्या नजरेसमोर चक्क्या उभ्या राहूनही लोकांनी त्या स्वीकारल्या, कारण त्या त्यांच्याच होत्या. जर्मनीने २००० मध्ये केलेल्या कायद्याने कोणीही निर्माण केलेली स्वच्छ वीज ठरावीक दराने विकत घेण्याचे बंधन वाहिनीचालकांवर घातले. मोबदला युनिटला होता. परिणामी शेतकरी, गृहस्थ, गावोगावच्या संस्था वीजनिर्मितीत उतरल्या. २०१२ च्या सुमारास तेथील अपारंपरिक क्षमतेपैकी जवळजवळ निम्मी नागरिकांच्या मालकीची होती आणि बड्या वीज कंपन्यांचा वाटा अत्यल्प होता. पुढे लिलावपद्धती आली, आणि लहान संस्थांना तिच्यात टिकाव धरणे कठीण झाले. नियम बदलला की मालकाचा चेहराही बदलतो, हे तेथेही दिसले.

आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो १९५० च्या सुमारास. ऊस ज्याचा, कारखाना त्याचा, हे सूत्र होते. पुढे त्या सूत्राचे काय झाले, सहकारात कोणते दोष शिरले, हे या सभागृहात मी सांगण्याची गरज नाही. पण दोष शिरले म्हणून सूत्र खोटे ठरत नाही. ऊन ज्याच्या शेतावर पडते, त्याला विजेत वाटा का नसावा?

कर्नाटकातील पावगडा सौर उद्यानाने एक मधला मार्ग दाखवला. दुष्काळी तुमकुरू जिल्ह्यात सुमारे तेरा हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून विकत न घेता दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेतली गेली. एकरी वार्षिक २१ हजार रुपये भाडे, दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ, आणि सातबारा शेतकऱ्याच्याच नावे. मुळशीशी तुलना केली तर ही मोठी प्रगती आहे. तरी त्या शेतांवर राबणाऱ्या भूमिहीन मजुराला या भाड्यातून काहीच मिळाले नाही. शंभर वर्षांनीही हिशेबाबाहेर राहिला तो नांगर धरणाराच.

महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून राबवली जात आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी, यासाठी वीज उपकेंद्रांच्या परिसरात विकेंद्रित सौर प्रकल्प उभारायचे, हे तिचे मर्म. रात्री-अपरात्री विंचू-सापांच्या भीतीत पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला या योजनेचे मोल कोणी समजावून द्यायला नको. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि जमीन देणाऱ्याला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये व दरवर्षी तीन टक्के वाढ असे भाडे ठरले. वीज जेथे वापरायची तेथेच निर्माण करायची, ही कल्पना सर्वथा स्वागतार्ह आहे. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष हवे. एक, गायरानाची जमीन देताना ते कोणाच्या शेळ्या-मेंढ्यांचे कुरण आहे, हे ग्रामसभेत विचारले जावे. दोन, निविदांची रचना अशी असावी की, एखाद्या गावची विकास सोसायटी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीही छोट्या प्रकल्पासाठी पुढे येऊ शकेल. घरांच्या छतांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे लक्ष्य आहे, आणि तीन किलोवॅटच्या संचास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ज्याच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे, त्याने मालक होण्याची ही संधी दवडू नये.

तीन कसोट्या

मित्रहो, समारोपाकडे वळतो. स्वच्छ ऊर्जेचा कोणताही प्रकल्प तुमच्या गावात, तालुक्यात आला, तर त्याचे आंधळेपणाने स्वागत करू नका आणि कोणी सांगितले म्हणून विरोधालाही उभे राहू नका. तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: या कंपनीला पैसा कशाबद्दल मिळणार आहे? यंत्र उभारल्याबद्दल, की प्रत्यक्ष विजेबद्दल? करारात पंचवीस वर्षांनी ही यंत्रे मोडीत काढण्याची आणि जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणावर आहे?

दुसरा प्रश्न: जमीन कोणाची? सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, एवढ्यावर थांबू नका. तेथे कोण कसतो, कोणाची गुरे चरतात, कोणता देव राखला जातो, कोणता पक्षी अंडी घालतो, हेही विचारा. हरित प्रकल्पालाही परिणामांचे मूल्यांकन लागू व्हावे, ही मागणी विकासविरोधी नाही. ज्या प्रकल्पाला परीक्षेची भीती वाटते, त्याच्या हिरवेपणाविषयीच शंका घ्यावी.

तिसरा प्रश्न: या विजेमुळे कोठले धुराडे थंडावणार आहे? आणि ती वाढीव गरजेसाठी असेल, तर ती गरज कोणाची? विहिरीवरच्या पंपाची, की केवळ कोणाच्या चैनीची?

उद्योगसमूहांचे हितसंबंध अपारंपरिक ऊर्जेला खिळखिळे करतात का, असा प्रश्न घेऊन मी उभा राहिलो. माझे उत्तर असे आहे: नियम सैल सोडले तर करतात, आणि नियम नीट बांधले तर तेच हितसंबंध तिचे इंधन होतात. नियम करणारे आपले प्रतिनिधी आहेत आणि त्यांना जाब विचारणारे आपण आहोत. मुळशीचा मावळा हरला, कारण त्याच्या देशाचे कायदे परके सरकार करत होते. आपल्याला ती सबब नाही. आज कायदा आपला आहे, ग्रामसभा आपली आहे आणि भांडवलही बरेचसे आपलेच आहे. तरीही ओरण कागदावर पडीकच राहिले आणि गायरानाचा निर्णय ग्रामसभेला डावलून झाला, तर दोष आपल्याकडेच येईल.